ढबू पैशाएवढी फट

मधलं बोट वाकवून लाकडावर दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून कान लावायचा, आणि समोर कितीही मोठा माणूस बोलत असला तरी हात वर करून त्याला थांबवायचं. "थांबा जी. याले बोलू द्या आधी." मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली ती अशीच. मी उठून नमस्कार केला आणि त्यांनी माझ्या टेबलाला टकटक केलं. मग म्हणाले, "आंब्याचं आहे. वरून सागवान दाखवून राहिलं." ते टेबल आमच्या वकीलसाहेबांनी अस्सल सागवानी म्हणून मोठ्या कौतुकाने घेतलं होतं, आणि साहेब शेजारच्याच खोलीत बसले होते.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांना स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षा वाटते. मिस्त्रींना मी कधी खुर्चीला टेकलेलं पाहिलं नाही. भाकरीसुद्धा उभ्यानेच. तळहातावर भाकरी, तिच्यावर चटणी, आणि खाता खाता कामाभोवती फेऱ्या. "बसलो का गुडघे तक्रार करतेत," म्हणायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले. पोहे बाहेर यायच्या आधीच त्यांनी दाराच्या चौकटीला टकटक केलं आणि मुलीच्या बापाला सांगून टाकलं, की चौकट आतून पोकळ झाली आहे, वाळवी आहे, पावसाळ्याच्या आत बदला. ते लग्न जुळलं नाही. "पोरगी पाहाले गेले आन् चौकट पाहून आले!" असं मिस्त्रीणबाई कपाळाला हात लावून सांगायच्या. मिस्त्रींचं म्हणणं एवढंच, की चौकट खरंच पोकळ होती.

आता नागपुरात शिडाची बोट कुठून आली, तेही सांगायला हवं. शहराला लागून एक तलाव आहे. नाव सांगत नाही, नागपूरकर ओळखतील. सत्तरच्या दशकात तिथे एक लहानसं नौका मंडळ होतं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे धंतोलीतले एक वकील, आणि मी त्या वकिलांकडे नव्याने लागलेला कारकून. दिवसा कोर्टाचे कागद लिहायचे आणि संध्याकाळी मंडळाचे, म्हणजे दोन्हीकडून मी त्यांच्याच ताब्यात होतो. मंडळाकडे वल्ह्यांच्या चार होड्या होत्या आणि शिडाची बोट एकच. कुणा इंग्रज साहेबाने ती मुंबईहून मालगाडीवर घालून आणली होती आणि देश सोडताना इथेच टाकून दिली होती. तिच्या पोटात एक छोटी खोली होती. दोन बाकं, एक कपाट, गोल काचेच्या खिडक्या, आणि भिंतींना आतून सागवानी फळ्यांचं अस्तर. त्या खोलीत चार सभासद गुडघ्याला गुडघे लावून बसायचे, तलावाला एक चक्कर मारायचे, आणि उतरल्यावर सातासमुद्रापलीकडून आल्यासारखे बोलायचे.

एका पावसाळ्यात कुणीतरी एक गोल खिडकी उघडी ठेवून दार लावून गेलं. चार महिने पाऊस आत येत राहिला आणि आतच राहिला. दिवाळीनंतर कुलूप काढलं तेव्हा असा वास आला की सेक्रेटरीसाहेब नाकाला रुमाल लावून मागे सरले. अस्तराच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, फुगून वाकल्या होत्या, आणि दोन जागी तर हात लावला की लाकूड चिखलासारखं बोटाला लागत होतं.

नागपुरात सुतारांना तोटा नाही. तीन येऊन गेले. पण बोटीत सरळ रेघ नावाची गोष्ट नसते. भिंत मधे फुगते, टोकाशी निमुळती होते, आणि खाली वळते ते वेगळंच. पहिल्याने काटकोन बघायचा गुण्या काढला, चार ठिकाणी लावून पाहिला आणि परत पिशवीत टाकला. दुसरा म्हणाला, आतून प्लायवूड ठोकून देतो, कुणाला काही दिसणार नाही. तिसरा वास घेऊनच परत गेला. मग कुणीतरी सांगितलं की पाचपावलीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत, त्यांनी जन्मभर डब्यांचं आतलं लाकूडकाम केलं आहे.

मिस्त्री सायकलवरून आले. हँडलला हत्यारांची कापडी पिशवी. बोट काठावर ओढून, ठोकळ्यांवर चढवून पत्र्याच्या शेडखाली ठेवली होती. तिच्याकडे पाहून ते मनापासून हसले.

"अरे, हा तं डबाच आहे! चाकं तेवढी नाही."

सेक्रेटरीसाहेबांना ते झोंबलं. "मिस्त्री, बोटीचं काम केलंय का कधी?"

"नाही जी. अंभोऱ्याले एकडाव डोंग्यात चढलो होतो. बायको भ्याली, म्हणून काठावरच उतरलो."

"समुद्र तरी पाहिलाय?"

"फोटोत," मिस्त्री म्हणाले आणि आत शिरले. पुढचा तासभर आतून नुसती टकटक ऐकू येत होती. बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत बुरशीने माखले होते. "दोन फासळ्या मेल्या. बाकी जित्या आहेत. अस्तर सारं काढा लागते." बोटीच्या आतल्या वाकड्या आडव्या लाकडांना ते फासळ्याच म्हणायचे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रींकडे, आणि मिस्त्री तोवर पिशवीतून पेचकस काढून पहिला स्क्रू सोडवायलाही लागले होते. होकार द्यायला कुणाला सवडच मिळाली नाही.

काढलेल्या फळ्या पुन्हा जागच्या जागी बसवायच्या तर खूण हवी. मिस्त्रींनी एकेका फळीच्या पाठीवर खडूने आकडे लिहिले नाहीत, स्टेशनं लिहिली. बोटीच्या टोकाकडून सुरुवात. नागपूर, गोधनी, कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा. उजव्या बाजूच्या अप, डाव्या बाजूच्या डाऊन. "आकडा चुकते, बाबूजी. काटोलच्या आधी नरखेड येत नाही कधी." मी कारकून, म्हणून त्यांच्या लेखी बाबूजी, मग मी त्यांच्या मुलापेक्षा लहान का असेना. पुढेपुढे साहेब संध्याकाळी विचारायचे, "काम कुठवर आलं?" आणि मी सवयीने सांगून जायचो, "नरखेडपर्यंत आलं, साहेब." साहेब चष्म्यावरून बघायचे.

एप्रिल लागला. ऊन तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. साहेबांना वाटलं, चला, फुकटचं ऊन आहे, बोट आठ दिवसांत खडखडीत वाळेल. आणि एक दिवस येऊन पाहतात तर मिस्त्रींनी सगळ्या बोटीवर गोणपाटं पसरली आहेत आणि तलावातून बादल्या आणून ती भिजवताहेत.

"मिस्त्री! बोट वाळवायची आहे ना? मग पाणी काहून टाकता?" साहेब शुद्ध पुणेरी बोलायचे, पण रागावले की त्यांची गाडीही नागपूरच्या रुळावर यायची.

"वाळवूनच राहिलो जी. हळू वाळवून राहिलो. बैलबंडीचं चाक उन्हात टाकून पाहा, आरे सुटतेत. लाकडाले घाई केली का थे फाटते."

ओली बोट वाळवायला रोज पाणी घालणारा माणूस म्हणून मंडळात त्यांची थट्टा सुरू झाली. थट्टेत मीही होतो. पण रोज संध्याकाळी पाय आपोआप तलावाकडे वळायचे, आणि मिस्त्री दिसले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं.

लकडगंजात लाकूड घ्यायला मीच त्यांच्याबरोबर गेलो. दोन दिवस ते एका वखारीत फळ्या ठोकत हिंडले. वखारवाला आधी चहा देत होता, मग त्याने चहा बंद केला, मग बोलणं बंद केलं. शेवटी मिस्त्रींनी कोपऱ्यात पडलेल्या, कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या जुन्या तुळया निवडल्या. "हे लाकूड म्हातारं आहे. याचं भांडून झालं आहे." त्या तुळया त्यांनी चिरून घेतल्या, आणि मग रंध्याने एकेक फळी बोटीच्या पोटाला बसेल अशी काढली. उजव्या हाताला त्यांच्या थोडा कंप होता. चहाचा कप धरला की दिसायचा. पटाशी धरली की कुठे जायचा देव जाणे.

त्या कंपाचीच तर गोष्ट होती. मिस्त्रींचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात होता. दर पत्रात लिहायचा, बाबा, आता पुरे, हात थरथरतो, आईला घेऊन इकडे या. मी एकदा पाचपावलीला त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा मिस्त्रीणबाईंनी मला चहा देता देता सांगितलं, "ही बोट झाली, लोकांनं नाव घेतलं, तं इथंच राहतो म्हणते. नाही तं जाऊ म्हणते भिलाईले. माह्यासंग असा करार झाला त्यायचा." मिस्त्री अंगणात सायकलची चेन साफ करत होते. तिथूनच ओरडले, "भिलाईले काय करू वं? तिथं सारं लोखंड. कुठंही ठोका, एकच बोलते!" मंडळाच्या कमिटीवर धंतोलीतले एक डॉक्टर होते. त्यांनी बोट पाहून सांगितलं होतं की ही नीट उतरली तर माझ्या नव्या दवाखान्याचं सगळं लाकूडकाम तुमचं. मिस्त्रींनी ते मला चार वेळा सांगितलं, दर वेळी पहिल्यांदा सांगत असल्यासारखं.

मे महिन्यात नवं अस्तर बसलं. फासळ्या दुरुस्त झाल्या, फळ्या आपापल्या स्टेशनावर गेल्या. आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट. मिस्त्री फळी लावताना खिशातून जुना, जाड तांब्याचा ढबू पैसा काढायचे, दोन फळ्यांमध्ये उभा धरायचे, स्क्रू आवळायचे, आणि पैसा काढून परत खिशात टाकायचे. ती फट त्या पैशाच्या जाडीएवढी.

"हे असंच राहणार?" मी विचारलं.

"एक पावसाळा राहू द्या. आता लाकूड उपाशी आहे. नागपूरचा मे आहे हा, माणसाचे हाडं वाळतेत. बोट पाण्यात गेली, पाऊस आला, का थे पाणी पिईन, अंग धरीन. तवा त्याले जागा लागन का नाही? दसऱ्याले मी येतो अन् वरून बारीक पट्टी मारून देतो. एका बाजूनंच ठोकतो, म्हणजे लाकडाले हलता येते. मंग कोणाले फट दिसत नाही."

समजलं, मी म्हणालो. खरंच समजलं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे घडलं ते मला न समजल्यामुळे घडलं असं कुणाला वाटायला नको.

जूनच्या सुरुवातीला बोट पाण्यात उतरवायचं ठरलं. मुंबईहून कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि सेक्रेटरीसाहेबांना त्यांच्याकडून मंडळासाठी बरंच काही हवं होतं. मिस्त्री चार दिवस काटोलकडे गावी लग्नाला गेले होते. साहेब बोटीत शिरले, एका फटीत नख घालून पाहिलं आणि माझ्यावर उखडले.

"ही बोट आहे की कोंबड्यांचं खुराडं? बुजवून टाका हे सगळं."

"साहेब, मिस्त्री म्हणतात की पावसाळा..."

"तुम्ही नोकरी मिस्त्रींकडे करता की माझ्याकडे?"

मी फटीत भरायची लांबी केली. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून, त्यात लाकडाचा रंग मिसळून, दोन दिवस बोटीत बसून मीच एकेक फट भरली. वरून रंगारी पॉलिश मारून गेला. काम सुरेख झालं. भिंत अशी गुळगुळीत दिसत होती की हात फिरवत राहावं. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला. हाताला लागलेला जवसाचा वास मात्र साबणाने जाईना.

पाहुणे येणार त्या सकाळी मिस्त्री एसटी स्टँडवरून थेट तलावावर आले. कपाळाला लग्नातलं कुंकू तसंच होतं. आत गेले. एक टकटक ऐकू आली. मग दुसऱ्या फळीला, मग तिसऱ्या. मग काहीच नाही. मी दाराशी उभा होतो.

"हे कोणं केलं, बाबूजी?"

"मला माहीत नाही. मी कोर्टात होतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली. मला वाटलं, ते जमिनीकडे बघताहेत. "बरं," ते म्हणाले. "पाहुणे जाऊ द्या. मंग मी सारं खरडून टाकतो. पाऊस यायच्या आत झालं पाहिजे तेवढं."

पाहुण्यांनी अस्तरावरून हात फिरवला आणि वाहवा केली. तेवढ्याने सगळं बिघडलं. साहेबांचा हुकूम निघाला की आता आत कुणीही हात लावायचा नाही. बोटीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असायची. मिस्त्री तीन वेळा ऑफिसात आले. पहिल्यांदा मी सांगितलं, साहेब बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं, किल्ली साहेबांकडे आहे. तिसऱ्यांदा आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं, धुळीचं वादळ सुटलं होतं, आणि ते आत न येता ऑफिसच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

"आज देता का, बाबूजी? अर्ध्या दिवसाचं काम आहे. सकाळी जातो, दुपारी किल्ली आणून देतो."

मी नकारार्थी मान हलवली. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती आणि मी ती बोटांनी चाचपत होतो. ते सायकलवर बसून गेले. मी आत येऊन टंकलेखन करत बसलो आणि एकाच अर्जात सात चुका केल्या.

त्या वर्षी जुलै-ऑगस्ट पाऊस मनापासून पडला. ऑगस्टच्या मध्याला तलावावरच्या चौकीदाराने निरोप दिला की बोटीचं दार उघडत नाही आणि ती एका अंगावर कलली आहे. दार पहारीने उचकटावं लागलं. आत पाहिलं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि एकमेकींना रेटत होत्या. सरकायला जागा नव्हती. अप काटोल पुढे येऊन पोटासारखी फुगली होती. तिच्या मागची, मिस्त्रींनी दुरुस्त केलेली फासळी स्क्रूसकट ओढली जाऊन तिला लांब चीर गेली होती. खालच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. फटींमधली माझी लांबी चिरडून, वळ्या होऊन बाहेर आली होती.

कमिटीची बैठक बोलावली गेली. मिस्त्रींनाही बोलावलं. ते दाराजवळ उभे राहिले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, ते म्हणाले, "नाही जी, बरा आहो असाच." इतिवृत्त मी लिहीत होतो.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "रेल्वेचा माणूस. त्याला पाण्यातलं काय कळणार? चूक आपलीच."

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, तुमचं म्हणणं सांगा."

"मी फट ठेवली होती जी."

"कुठे होती फट?" साहेब म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलंय. काचेसारखं गुळगुळीत होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी पाहिलं तेव्हा ते गुळगुळीतच होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी समोरच्या कागदाकडे पाहत होतो आणि एक शब्द बोलायचा होता. एकच. माझी नोकरी लागून दहा महिने झाले होते आणि घरी म्हातारे आईवडील होते, हे सगळं मी त्या क्षणात मनाशी बोलून घेतलं.

"मंग माहीच चूक असन," मिस्त्री म्हणाले.

मी लिहिलं, 'मिस्त्रींनी आपली चूक मान्य केली.' अक्षर माझं नेहमीच चांगलं होतं, त्या दिवशीही चांगलंच आलं. डॉक्टरांनी दवाखान्याचा विषय काढला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मला चैन नव्हती. जेवताना उठायचो, अंथरुणावर कूस बदलायचो, कोर्टात चुकीच्या खोलीत जाऊन बसायचो. वडील म्हणाले, तब्येत दाखवून घे. शेवटी एका शनिवारी दुपारी मी पाचपावलीला गेलो. अंगणात ट्रंक उभी होती, गादी दोरीने बांधलेली. मिस्त्रीणबाई भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि आत हाक मारली, "बाबूजी आले जी."

मिस्त्री बाहेर आले. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मिस्त्री, ती लांबी मी भरली होती. किल्लीही माझ्याकडेच होती. तिन्ही वेळा."

"माहीत आहे मले."

"साहेबांनी सांगितलं?"

"काहून सांगतीन थे? तुमच्या नखात होती ना. पाहुणे येणार होते त्या दिवशी. धाही बोटाच्या नखात."

"मग त्या दिवशी बैठकीत बोलला का नाही?"

"बोललो असतो तं तुमची नोकरी जात होती. माही तं पेन्शन सुरू आहे." मग म्हणाले, "मले वाटलं, तुम्ही बोलान. तुमच्याकडं पाहिलं मी. मंग म्हटलं जाऊ द्या, लहान पोरगं आहे, भेलं असन."

मिस्त्रीणबाई भांडी गुंडाळायच्या थांबल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ नका. मंगळवारी बैठक आहे. मी सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही या."

मिस्त्रींनी ट्रंकेचं कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. "पोरगं उद्याचं तिकीट काढून बसलं. सांगा तुम्ही, सांगाच. पुढच्या मिस्त्रीनं तिथं फट ठेवली पाहिजे. पण मी गेल्यावर सांगा. माह्यासमोर नको. तुमची मान खाली गेलेली मले पाहवणार नाही."

मी "बरं" म्हणालो. हट्ट धरायला हवा होता, हात धरून थांबवायला हवं होतं. पण त्यांच्यासमोर सांगावं लागणार नाही याने मला आतून थोडं हायसं वाटलं होतं, आणि ते वाटलं हे मी कधीच नाकारलेलं नाही.

मंगळवारच्या बैठकीत आधी मागचं इतिवृत्त वाचायचं असतं. ते मीच वाचायचो. 'मिस्त्रींनी आपली चूक मान्य केली' इथवर आलो आणि थांबलो. म्हणालो, ही ओळ खोटी आहे. मग फट, ढबू पैसा, लांबी, किल्ली, सगळं सांगितलं. साहेबांचा हुकूमही सांगितला. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग त्यांनी घड्याळ पाहिलं. दुरुस्ती नोंदवायची ठरली. नोंदवणारा मीच असल्यामुळे मी खाली बसून ती लिहिली. महिनाअखेर माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती.

लिहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग बोलवा मिस्त्रींना. उद्याच बोलवा. माझ्या दवाखान्याचं काम मी अजून कुणालाच दिलेलं नाही."

मी सांगितलं, मिस्त्री परवा सकाळच्या गाडीने भिलाईला गेले. साहेबांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

पाचपावलीत शेजाऱ्यांकडून भिलाईचा पत्ता मिळवायला मला महिना लागला. डॉक्टरांचा निरोप, कमिटीची दुरुस्ती, सगळं लिहून पाठवलं. दिवाळीनंतर मुलाचं कार्ड आलं. 'आपलं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं. दोनदा वाचायला लावलं. पण आता ते काम करणार नाहीत. इथे आल्यावर त्यांनी सगळी हत्यारं एका सुताराला देऊन टाकली. आपण वाईट वाटून घेऊ नये असं बाबांनी सांगितलं आहे.'

कार्ड खिशात घालून मी तलावापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो. त्यानंतर मिस्त्री मला भेटले नाहीत. पुढे कधीतरी भिलाईहून ते वारल्याची बातमी आली, तीही कुणाकुणाच्या तोंडून, फार उशिरा. मिस्त्रींनी सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी मी पुढे पाळल्या. वाईट वाटून न घेणं तेवढं मात्र मला अजून जमलेलं नाही.